तरुण खेळाडूचे नाव : अर्जन, विनियोग आणि रक्षण

इंदूर शहराच्या वायव्येस, विमानतळाच्या पलीकडे, गव्हाच्या आणि सोयाबीनच्या शेतांनी वेढलेले हातोद हे तहसिलीचे गाव आहे. अशा गावातला एखादा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी विभागीय स्पर्धेत पहिली आली, म्हणजे पूर्वी घरी पेढे वाटले जात, शाळेच्या फळ्यावर नाव लिहिले जाई आणि पुढच्या मोसमाच्या तयारीची मसलत सुरू होई. आता त्याच आठवड्यात आईबापांपुढे निराळेच प्रश्न उभे राहतात. मुलाच्या नावाचे इन्स्टाग्राम खाते काढावे काय, सरावाच्या चित्रफिती रोज टाकाव्यात काय, गावातल्या जिमच्या मालकाने आपल्या फलकावर त्याचे छायाचित्र मागितले तर द्यावे काय, आणि ‘तुमच्या मुलाचा ब्रँड उभा करून देतो’ असे म्हणत कोणी एजंट करारनामा पुढे करू लागला तर त्यावर सही करावी काय? हे प्रश्न विचारणारे पालक लोभी असतात असा समज करून घेणे अन्यायाचे आहे. बूट, खुराक, प्रवास आणि प्रशिक्षकाची फी यांचा हिशेब ज्याला दरमहा जुळवावा लागतो, त्याला मुलाच्या नावाचे चार पैसे होत असतील तर ते हवेसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

माझे मत आरंभीच सांगून टाकतो. खेळाडूने आपल्या नावाची काळजी वाहणे हे गौण किंवा हिणकस काम नव्हे. ज्यांच्या नावाची काळजी कोणीच वाहिली नाही, त्यांची उपेक्षा आपल्या इतिहासाने पाहिली आहे. तथापि नावाचा पाया असतो तो कामगिरीच्या निर्विवाद नोंदीत, आणि त्याचे रक्षण होते ते योग्य वेळी दिलेल्या नकारामुळे. प्रसिद्धीचा क्रमांक या दोहोंच्या मागून लागतो, आणि आज हा क्रम उलटू लागला आहे, एवढेच या प्रकरणातील खरे भय आहे.

इंदूरकरांना तरी हा विषय परका वाटू नये, कारण भारतीय खेळाडूच्या नावाच्या व्यापाराचा पहिला अध्याय याच शहराशी निगडित आहे. कर्नल सी. के. नायडू हे मूळचे नागपूरचे. १९२३ साली होळकर दरबाराने त्यांना इंदुरास बोलावून घेतले आणि फौजेत कॅप्टनचा हुद्दा दिला. या घटनेकडे आपण बहुधा राजाच्या हौशीचा एक प्रकार म्हणून पाहतो; परंतु तिचा व्यावहारिक अर्थ असा होता, की वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षाच्या आत एका खेळाडूची उपजीविकेची विवंचना कायमची मिटली, आणि नाव विकण्याची गरज न उरल्यामुळे ते नाव कमावण्यास तो पूर्णपणे मोकळा झाला. पुढे तीनच वर्षांनी, १ डिसेंबर १९२६ रोजी, मुंबईच्या जिमखान्यावर आर्थर गिलिगन यांच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध हिंदूंच्या बाजूने खेळताना नायडूंनी दोन तासांच्या आत १५३ धावा काढल्या आणि त्यांत अकरा षटकार मारले. ज्यांनी तो खेळ पाहिला ते आज हयात नाहीत, त्याचे चलच्चित्र आपल्यापाशी नाही. तरीही त्या धावांचा आकडा आणि षटकारांची संख्या कोणाला विवाद्य वाटत नाही, कारण धावलेखकाने ती त्याच दिवशी लिहून ठेवली होती. त्या डावामुळे भारताला कसोटीचा दर्जा मिळण्याच्या मागणीला मोठे बळ आले. १९३२ साली लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना झाला तेव्हा कर्णधारपद नायडूंकडे होते, आणि १९३३ साली विस्डेनने वर्षातल्या पाच श्रेष्ठ खेळाडूंत त्यांची गणना केली.

यानंतर, १९४१ साली, बाथगेट लिव्हर टॉनिक या औषधाच्या जाहिरातीसाठी नायडूंनी आपले नाव दिले. एखाद्या मालाची शिफारस करणारा पहिला भारतीय क्रिकेटपटू म्हणून या प्रसंगाचा उल्लेख होत असतो. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते मधले अंतर. जिमखान्यावरचा डाव आणि ही जाहिरात यांच्यामध्ये सुमारे पंधरा वर्षे गेली होती, नायडूंचे वय पंचेचाळीसच्या घरात होते, आणि औषधवाल्याने उसने घ्यावे असे नाव त्यापूर्वीच देशभर प्रस्थापित झालेले होते. जाहिरातीने नायडूंना मोठे केले नाही. नायडूंच्या मोठेपणाचा काही अंश त्या बाटलीच्या वाट्याला आला, इतकेच.

नायडूंच्याच होळकर संघातील इतरांची उदाहरणेही उद्बोधक आहेत. १९४१-४२ ते १९५४-५५ या चौदा मोसमांत होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला आणि सहा वेळा तो उपविजेता ठरला. एका संस्थानाच्या राजधानीतल्या संघाने मुंबईसारख्या बलाढ्य प्रांतास सातत्याने आव्हान द्यावे, ही गोष्ट आजही विस्मयकारक वाटते. मुश्ताक अली हे अस्सल इंदूरचे. १९३६ साली ओल्ड ट्रॅफर्डवर ११२ धावा काढून परदेशात कसोटी शतक करणारे ते पहिले भारतीय ठरले. १९४५ साली ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेस संघाविरुद्धच्या कलकत्त्याच्या सामन्यातून त्यांना वगळल्याचे कळताच तिथल्या लोकांनी ‘मुश्ताक नाही तर कसोटी नाही’ अशी गर्जना केली आणि निवड समितीला आपला निर्णय बदलावा लागला. हजार मैलांवरच्या परप्रांतात लोक आपल्यासाठी रस्त्यावर उतरावेत, ही लोकप्रियता कोणत्याही प्रचारयंत्रणेने निर्माण केलेली नव्हती. चेंडू टाकला जाण्यापूर्वीच पुढे सरसावणाऱ्या त्या मनमोकळ्या फलंदाजीची ती कमाई होती. चंदू सरवटे यांनी १९४६ साली ओव्हलवर सरेविरुद्ध शूटे बॅनर्जींच्या साथीने शेवटच्या गड्यासाठी २४९ धावांची भागी केली, दोघांनीही शतके ठोकली, आणि एवढा विक्रम करूनही सरवटे चरितार्थासाठी बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ म्हणून काम करीत राहिले. त्या पिढीच्या खेळाडूला नाव होते आणि पोटापाण्याचा स्वतंत्र धंदाही होता; त्यामुळे नावावर पोट भरण्याचे ओझे कधी पडले नाही.

परंतु या चित्राने हुरळून जाऊन ‘नाव आपोआप टिकते, त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही’ असा निष्कर्ष काढणे धोक्याचे होईल. संस्थानिकाचा आश्रय ज्याला लाभला नाही त्याची काय दशा होत असे, हे पाहावयाचे तर कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांकडे पाहिले पाहिजे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने गेले आणि सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीस जाण्यासाठी मात्र गावोगाव वर्गणी फिरवावी लागली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तेथे मिळालेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय, आणि त्यानंतरचे वैयक्तिक पदक येण्यास १९९६ साल उजाडावे लागले. कराडच्या स्थानकावर बैलगाड्यांची रांग लावून लोकांनी खाशाबांचे स्वागत केले. लोकांचे प्रेम अणुमात्र कमी नव्हते. परंतु पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टरची नोकरी लागली ती १९५५ साली. १९८४ साली अपघातात त्यांचे निधन झाले. आणि अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तो २००० साली, मरणोत्तर, तब्बल सोळा वर्षांनी. ज्या माणसाने देशाला पदक दिले त्याच्या नावाचा कोणी वाली नव्हता: ना दप्तर ठेवणारा, ना सरकारदरबारी पाठपुरावा करणारा, ना त्या नावावर दोन पैसे मिळवून देणारा. त्या काळच्या ऑलिंपिक नियमांत खेळाडूने खेळातून द्रव्यार्जन करणे हाच दोष मानला जात होता हे खरे, आणि त्याच नियमाच्या आधारे १९१२ ची जिम थॉर्पची सुवर्णपदके दुसऱ्याच वर्षी हिरावून घेतली गेली होती हेही खरे. पण नियमाने धनार्जनास मनाई केली होती, कृतज्ञतेस नव्हे. खाशाबांची कहाणी आठवली म्हणजे, आजचे तरुण खेळाडू आपल्या नावाची व्यवस्था स्वतः करू पाहतात याबद्दल त्यांना दूषण देण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

बाजाराचे युग यानंतर आले. फारुख इंजिनियर यांचे केस ब्रिलक्रीमच्या जाहिरातीत चमकले, गावसकर कापडाच्या जाहिरातीत दिसू लागले, कपिलदेव दाढीच्या क्रीमसाठी बोलू लागले. परंतु खेळाडूचे नाव ही दीर्घ मुदतीची मालमत्ता आहे आणि तिचे व्यवस्थापन हा स्वतंत्र व्यवसाय होऊ शकतो, हे भारतात प्रथम स्पष्ट झाले ते १९९५ साली, मार्क मस्करेन्हास यांच्या वर्ल्डटेल कंपनीने सचिन तेंडुलकरशी पाच वर्षांचा, सुमारे तीस कोटी रुपयांचा म्हणून गाजलेला करार केला तेव्हा. येथेही मधले अंतर ध्यानात घ्यावे. विनोद कांबळीसमवेत ६६४ धावांची अभंग भागी झाली ती १९८८ च्या फेब्रुवारीत, तेंडुलकर चौदा वर्षांचा असताना. करारावर सही झाली ती सात वर्षांनी, कसोटी क्रिकेटच्या सहा वर्षांच्या परीक्षेनंतर.

या प्रकरणातली एक वस्तू मला जवळून पाहण्यासारखी वाटते, आणि ती म्हणजे १९९६ च्या विश्वचषकातली तेंडुलकरची बॅट. त्या स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे ५२३ धावा तिने काढल्या. जगातल्या कोट्यवधी लोकांची दृष्टी आठवड्यांमागून आठवडे तिच्या दर्शनी भागावर खिळून होती. आणि त्या दर्शनी भागावर कोणत्याही कंपनीचे चिन्ह नव्हते, नुसते उघडे लाकूड होते. मनाजोगता करार झाला नव्हता म्हणून ती जागा रिकामी ठेवण्यात आली, आणि स्पर्धा संपल्यावर तिचे मोल कैक पटींनी वाढलेले होते. तंबाखू आणि मद्य यांच्या जाहिराती करणार नाही, असा शब्द त्याने आपल्या वडिलांना, कवी आणि प्राध्यापक रमेश तेंडुलकरांना दिलेला होता, हेही सर्वश्रुत आहे. मराठी मध्यमवर्गाच्या घरातला हा संस्कार बाजाराच्या हिशेबातही तोट्याचा ठरला नाही. काय विकायचे नाही हे ज्याने आधी ठरवले, त्याने जे विकले त्याला किंमत आली.

आता याची उलट बाजू पाहू, आणि येथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण हातोदसारख्या गावच्या पालकांना खरा उपयोग या बाजूचा आहे. ५ जानेवारी २०१६ रोजी कल्याणच्या मैदानावर भंडारी चषकाच्या आंतरशालेय सामन्यात के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलाने नाबाद १००९ धावा केल्या. वडील रिक्षा चालवणारे. १८९९ पासून अबाधित असलेला कॉलिन्स या इंग्लिश शाळकरी मुलाचा नाबाद ६२८ चा विक्रम मोडला गेला. जगभरच्या वृत्तपत्रांत त्या मुलाचे छायाचित्र आले, तेंडुलकरने आपली बॅट भेट दिली, मुंबई क्रिकेट असोसिएशनने पाच वर्षांसाठी दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. प्रतिपक्ष नवखा होता आणि मैदान आखूड होते, याची चर्चा जाणकारांत झाली. पण प्रसिद्धीच्या लोंढ्याला असल्या तपशिलांशी कर्तव्य नसते. मुलाच्या नावाभोवती अपेक्षांचा डोंगर उभा राहिला. पुढच्या प्रत्येक डावातली प्रत्येक धाव हजाराच्या त्या आकड्याशी ताडून पाहिली जाऊ लागली. दीड-एक वर्षाने, मुलाचा खेळ मनासारखा होत नसताना, वडिलांनी असोसिएशनला पत्र लिहून शिष्यवृत्ती थांबवण्याची विनंती केली: जे पैसे कामगिरीसाठी मिळत आहेत ते कामगिरी नसताना घेणे त्यांना प्रशस्त वाटले नाही.

या घटनेकडे अपयशाची कथा म्हणून पाहणाऱ्यांशी मी सहमत नाही. मुलाने केलेल्या धावा खऱ्या होत्या, त्याने कोणाला फसवले नव्हते, आणि वडिलांचे ते पत्र तर स्वाभिमानाचा उत्तम नमुना म्हणून शाळांतून वाचून दाखवावे अशा योग्यतेचे आहे. दोष असलाच तर तो आम्हा प्रौढांचा: एका दिवसाच्या विक्रमाला आम्ही एका आयुष्याचे नाव समजलो, आणि तयार होण्यासाठी त्या मुलाला हवा असलेला निवांतपणा त्याच्यापासून काढून घेतला. नायडूंना पंधरा वर्षे मिळाली, तेंडुलकरला सात. या मुलाला एक रात्रसुद्धा मिळाली नाही. हातात भ्रमणध्वनी असलेल्या आजच्या प्रत्येक होतकरू खेळाडूची स्थिती लहान प्रमाणात हीच आहे. फरक इतकाच, की कल्याणच्या मुलावर प्रसिद्धी बाहेरून कोसळली, आणि आज ती घरातल्यांनीच ओढवून घ्यावी असा सल्ला दिला जातो.

इंदूरचेच ताजे उदाहरण याच्या शेजारी ठेवून पाहावे. रजत पाटीदार २०२२ च्या आय. पी. एल. लिलावात विकला गेला नाही. कोणा खेळाडूला दुखापत झाली म्हणून बदली खेळाडू या नात्याने वीस लाखांच्या मूळ किमतीत तो बंगळूरच्या संघात आला, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात बाद फेरीच्या सामन्यात लखनौविरुद्ध त्याने नाबाद ११२ धावा केल्या. पुढच्याच महिन्यात रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात त्याच्या १२२ धावा झाल्या, आणि चंद्रकांत पंडितांच्या मार्गदर्शनाखाली मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून करंडक प्रथमच पटकावला. होळकरांचा वारसा जणू सात दशकांनी घरी परतला. २०२५ साली याच पाटीदारच्या नेतृत्वाखाली बंगळूरने आपले पहिले विजेतेपद मिळवले. लिलावाच्या पहिल्या दिवशी बाजाराने त्याच्या नावाची किंमत शून्य ठरवली होती. त्या दिवशी त्याच्यापाशी होत्या त्या देशी मोसमांतल्या, धावपुस्तिकेत उतरलेल्या धावा, आणि बदली खेळाडू हवा असे म्हणताना संघाच्या मालकांना आठवल्या त्या त्याच.

क्रिकेटबाहेरच्या खेळांचा विचार करता व्यवहार अधिक कठोर आहे. नाशिक जिल्ह्यातील आदिवासी पाड्यावरून आलेल्या कविता राऊतला लोकांनी ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ हे नाव दिले, आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक जिंकून तिने ते सार्थ केले. अशी नावे कोणत्याही सल्लागाराने सुचवलेली नसतात, गावाला अभिमान वाटला की ती जिभेवर येतात, आणि म्हणूनच ती टिकतात. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये रायफल नेमबाजीचे कांस्यपदक जिंकेपर्यंत बहुसंख्य महाराष्ट्राला अपरिचित होता. तो २०१५ पासून रेल्वेच्या सेवेत होता आणि त्याची साधना चालली होती ती त्या पगारावर. धावपटू, मल्ल, नेमबाज आणि मल्लखांबपटू यांचे आजचे खरे होळकर म्हणजे रेल्वे, सैन्यदल आणि पोलीस. त्यांच्या जोडीला खेलो इंडियासारख्या योजनेतून निवडलेल्या मुलांना दरमहा मिळणारे दहा हजार रुपये, आणि मध्य प्रदेश शासनाचे एकलव्य व विक्रम पुरस्कार. हातोदच्या मुलीने कुस्तीत किंवा अॅथलेटिक्समध्ये नाव काढले तर जाहिरातदार तिच्या दारी येण्याआधी या दारांवर तिला जावे लागेल, आणि तेथे चित्रफितींना किती लोकांनी पसंती दिली हे कोणी विचारीत नाही. तेथे मागितली जातात ती स्पर्धेची मूळ प्रमाणपत्रे, जन्मतारखेचा दाखला आणि अधिकृत निकालपत्रके.

आता कायद्याच्या अंगाकडे वळू. अठरा वर्षांखालील व्यक्तीचा करार आपल्या कायद्यात मुळातच रद्दबातल असतो. १९०३ साली मोहोरीबीबीच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने हे ठरवून दिले. बापाने अज्ञान मुलीच्या वतीने केलेला चित्रपटातील कामाचा करारही मुंबई उच्च न्यायालयाने ‘राजराणी विरुद्ध प्रेम अदीब’ या प्रकरणात अंमलबजावणीस अपात्र ठरवला, आणि त्यात हानी झाली ती मुलीचीच, कारण कंपनीने शब्द फिरवल्यावर तिला भरपाई मागता आली नाही. पालकांनी यातून घ्यावयाचा बोध असा, की अज्ञान मुलाच्या नावाने केलेल्या लांब मुदतीच्या कागदाने संरक्षण फारसे मिळत नाही, मनस्ताप मात्र निश्चित मिळतो. अशा करारनाम्यांत काही कलमे ठराविक असतात, आणि ती वाचताना घाई करू नये. मुलाचे नाव, छायाचित्र, आवाज आणि सही यांचा वापर ‘सर्व माध्यमांत, सर्व देशांत, कायमस्वरूपी’ करण्याचा हक्क एजंटाकडे जातो. मुदत संपली की करार आपोआप पुढे चालू राहतो. आणि दलालीचा टक्का केवळ जाहिरातीच्या पैशावर न लागता पगार, बक्षीस आणि शासकीय अनुदान यांच्यावरही लागतो. यातले शेवटचे कलम ज्या कागदात असेल तो कागद तसाच परत करावा.

मोठ्या खेळाडूंनाही नावाचे रक्षण सुखासुखी करता येत नाही. २०२१ साली टोकियोत कांस्यपदक मिळाल्यावर पी. व्ही. सिंधूचे नाव आणि छायाचित्र अनेक कंपन्यांनी अभिनंदनाच्या निमित्ताने परवानगीवाचून आपल्या जाहिरातीत वापरले, आणि तिच्या व्यवस्थापकांना त्यांच्यावर कायदेशीर नोटिसा काढाव्या लागल्या. उलट बाजूने, खेळाडूवरही जबाबदारी येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत नाव देणाऱ्यास प्रथम दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा तसे घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय एक ते तीन वर्षे जाहिरात करण्यास मनाई. मालाची रीतसर चौकशी केली होती एवढाच त्याच्यापाशी बचाव. पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये बंदी घातली तेव्हा भारतीय संघाच्या गणवेशावरचे पुरस्कर्त्याचे नावसुद्धा एका फटक्यात नाहीसे झाले.

सर्वांत जवळचा धोका पौष्टिक भुकटीच्या डब्यात आहे, असे मी जाणूनबुजून म्हणतो. तालुक्याच्या गावी खेळाडूकडे प्रथम येणारा पुरस्कर्ता बहुधा अशी भुकटी विकणाराच असतो: चार डबे फुकट, त्याबदल्यात एक छायाचित्र. त्या डब्यात छापील यादीबाहेरचे एखादे निषिद्ध द्रव्य निघाले तर उत्तेजकविरोधी नियमांनुसार दोष खेळाडूचाच धरला जातो. अजाणतेपणाची सबब शिक्षा कमी करू शकते, डाग पुसू शकत नाही. मुंबईच्या पृथ्वी शॉला २०१९ साली खोकल्याच्या औषधातल्या द्रव्यापायी आठ महिन्यांची बंदी सोसावी लागली. त्याच्यापाशी संघाचे डॉक्टर होते. हातोदच्या मुलापाशी कोण आहे?

अमेरिकेत १ जुलै २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपले नाव आणि प्रतिमा यांतून धन मिळवण्याची मुभा मिळाली, आणि तेव्हापासून तेथील उदाहरणे आपल्याकडे आदर्श म्हणून सांगितली जातात. ती मुभा न्याय्यच होती. परंतु तेथला विद्यापीठीय खेळाडू बहुशः सज्ञान असतो, त्याच्या विद्यापीठात अशा करारांची तपासणी करणारे कार्यालय असते, आणि त्याचे सामने दूरचित्रवाणीवर लक्षावधी लोक पाहतात. आपल्या तालुक्यातल्या अज्ञान मुलाला यांतले एकही पाठबळ नाही.

मग या मुलाने करावे तरी काय? खाते काढू नये असे मी म्हणणार नाही. ते पालकांच्या देखरेखीखाली असावे, त्यात निकाल, वेळा, अंतरे आणि वजनगट अचूक लिहावेत, हरलेल्या लढतींचीही नोंद असावी, आणि प्रशिक्षकाचे व शाळेचे नाव प्रत्येक वेळी यावे. मुलींच्या बाबतीत राहण्याचा पत्ता, सरावाची जागा आणि जाण्यायेण्याची वेळ उघड होणार नाही याची खबरदारी घ्यावी. हा सल्ला संकोचापोटी दिलेला नाही, तिला निर्वेध सराव करता यावा म्हणून दिलेला आहे. चार लोकांपुढे उभे राहून आपल्या खेळाबद्दल दोन मिनिटे सरळ बोलता येणे, मग ते माळवीत असो, हिंदीत असो की मराठीत, ही विद्या मात्र लवकर शिकवावी. प्रसिद्धीच्या साऱ्या साधनांत तीच एक अशी आहे की जी खेळ सुटल्यावरही उपयोगी पडते. आणि सराव चालू असताना चित्रण करू नये. ज्या तासात मुलाचे लक्ष कॅमेऱ्याकडे असते तो तास सरावाचा नसतो, हे कोणताही प्रशिक्षक सांगेल.

चौकाचौकांत लागणाऱ्या अभिनंदनाच्या फलकांविषयीही लिहिले पाहिजे. आमच्या भागात अशा फलकावर वरच्या ओळीत पुढाऱ्यांचे चेहरे असतात, खालच्या पट्टीत देणगीदारांची नावे असतात, आणि ज्याने पदक आणले त्या मुलाचे छायाचित्र मधल्या जागेत जेमतेम मावलेले असते. स्पर्धा कोणती, गट कोणता, वेळ किती लागली, यांचा उल्लेख बहुधा नसतो. पावसाळ्यापूर्वी तो फलक उतरतो आणि त्याबरोबर ती माहितीही जाते. या एका फलकाच्या खर्चात धावण्याच्या चांगल्या बुटांचा एक जोड येतो.

म्हणून हातोद, देपाळपूर आणि सांवेर या तहसिलींतल्या क्रीडाशिक्षकांना, तालीमचालकांना आणि इंदूरच्या मराठी मंडळांना माझी विनंती आहे, की यंदापासून प्रत्येक शाळेत एक बांधीव नोंदवही ठेवावी; तीत प्रत्येक स्थानिक स्पर्धेचा निकाल त्याच दिवशी, पंचांच्या सहीनिशी उतरवावा; आणि खेळाडू सज्ञान होईपर्यंत त्याच्या नावाने येणारा प्रत्येक करारनामा सही होण्यापूर्वी विनामूल्य वाचून देईल असा एक वकील प्रत्येक मंडळाने नेमून ठेवावा. ज्यांच्या घरी होळकर काळातल्या धावपुस्तिका, आखाड्यांच्या वह्या किंवा सामन्यांची हस्तपत्रके अजून शिल्लक असतील, त्यांनी ती रद्दीत न देता जवळच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करावीत.